गोधडी शिवणारीचं नाव हवं, आणि प्रदर्शनाचे नियम कागदावर हवेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापुरात नुकत्याच झालेल्या गोधडी प्रदर्शनाची बातमी आपल्या अंकात छायाचित्रांसह वाचली. पाहुणे आले की ज्या वाकळा आपण कपाटात कोंबायचो, त्या आता हॉलमध्ये दिव्यांखाली टांगल्या जातात, हे फार चांगलं झालं. छायाचित्रांखाली उद्घाटकांचं नाव होतं, मंडळाचं होतं, हॉल कोणाच्या सौजन्यानं मिळाला तेही होतं. गोधडी कोणी शिवली, हे मात्र एकाही चित्राखाली नव्हतं. यात बातमीदाराला बोल लावत नाही. मी प्रदर्शन पाहिलंय. तिथल्या चिठ्ठ्यांवरच ते नव्हतं. ‘पारंपरिक गोधडी’, ‘इरकली काठाची गोधडी’ आणि पुढे एक क्रमांक, संपलं.

मी बुधवार पेठेत शिवणवर्ग चालवते. माझ्याकडच्या बऱ्याच जणी मजुरीवर गोधड्या शिवून देतात. गिऱ्हाईक जुन्या साड्या, विरलेल्या चादरी आणून टाकतं. कमी पडलं तर युनिफॉर्मच्या कारखान्यांतून निघणारी निळी, खाकी, चौकड्याची कतरण आहेच. चार थर सारखे अंथरून, ताणून, कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचं. बोटांना चरे पडतात, मान धरते.

आमच्या वर्गातल्या एका मावशींनी या प्रदर्शनाच्या स्पर्धेत गोधडी दिली. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. मधले थर त्यांच्या आईनं घातलेले, आई गेल्यावर वरचा थर मावशींनी पुरा केला. म्हणून एका कोपऱ्यात त्यांनी साखळी टाक्यात आईचं आणि स्वतःचं अशी दोन्ही नावं कानडीत भरली होती. गोधडी जमा करायला गेल्या तर टेबलावरच्या मुलीनं सांगितलं, ‘नाव दिसतंय, स्पर्धेत चालत नाही.’ फॉर्मवर असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी स्वतः तो फॉर्म त्यांना वाचून दाखवला होता. मावशींनी वाद घातला नाही. कडेच्या बाकावर बसून त्यांनी दोन्ही नावं उसवली आणि गोधडी दिली. त्या कोपऱ्यात आता सुईची भोकं तेवढी आहेत.

परीक्षकांना नाव कळू नये हा नियम योग्यच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्यासाठी नाव उसवावं लागत नाही. माझी भाची अमेरिकेत ह्यूस्टनला राहते. तिथं दरवर्षी गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि तिकडच्या स्पर्धांच्या पद्धती मी तिच्याकडून नीट समजून घेतल्या आहेत. गोधडीच्या पाठीवर नावाची पट्टी असते, आणि परीक्षण होईपर्यंत तिच्यावर कापडाचा तुकडा टाचून ठेवतात. निकाल लागला की तुकडा काढायचा. दोन टाचण्यांचं काम आहे. टेबलावरच्या त्या मुलीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिलाही मी दोष देत नाही. नियम आयोजकांच्या मनात होता, कागदावर नव्हता, आणि त्याची किंमत मावशींनी दिली.

याच स्पर्धेत बक्षीस मिळालेली एक गोधडी माझ्या ओळखीच्या बाईंनी मजुरीवर शिवलेली आहे. बक्षीस शिवून घेणारीला मिळालं. तिनं फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण फॉर्मवर ‘सहभागी व्यक्तीचे नाव’ एवढाच रकाना होता. कापड जुळवणारी वेगळी आणि टाके घालणारी वेगळी असेल, तर तिकडे दोघींची नावं लिहायची रीत आहे. यंत्रावर टाके घालून देणाऱ्या व्यावसायिकाचं नावसुद्धा लिहितात. आपल्याकडे फॉर्मवर एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

हात लावण्याचंही तसंच. गोधडी दिसली की आपल्या बायका आधी काठ उलटून पाठीचे टाके बघतात. गोधडीची पारख अशीच होते. प्रदर्शनात एका म्हाताऱ्या आजींनी तेच केलं आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. हाताच्या तेलकटपणानं, घामानं कापड खराब होतं हे खरं, पण मग दारात मोठ्या अक्षरांत पाटी लावा. आणि पाठ बघायची सोय करा. तिकडे पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात, विचारलं की ते काठ उचलून पाठ दाखवतात. आपल्याकडे कॉलेजच्या दोन मुली एवढं काम आनंदानं करतील.

टांगण्याबद्दलही सांगते. जड वाकळ दोन कोपऱ्यांना पिना लावून लोंबकळत ठेवली की सगळं वजन त्या दोन जागांवर येतं आणि टाके ओढले जातात. पाठीला वरच्या कडेनं चार इंची नेफा शिवून त्यातून काठी घातली तर वजन सारखं पसरतं. हेही फॉर्मवर आधी लिहिलं, तर बायका घरूनच नेफा शिवून आणतील.

पण नाव सगळ्यांत महत्त्वाचं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची, गुलामगिरीत जन्मलेली बाई होती. 1886 मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात तिनं बायबलमधल्या कथांची गोधडी मांडली. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेला ती विकत हवी होती, हॅरिएटनं दिली नाही. पुढे घरात अडचण आली तेव्हा पाच डॉलरला द्यावी लागली. पण जेनी स्मिथनं घेताना एक काम केलं: प्रत्येक चौकटीत काय आहे ते हॅरिएटच्या तोंडून ऐकून लिहून ठेवलं. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि तिच्याजवळ हॅरिएटचं नाव आहे. आपल्या देशातही कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी यांनी वडिलांसाठी केलेली कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, आहे, आणि ती कोणी कोणासाठी केली ते कापडावरच टाक्यांत लिहिलेलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या घराघरांतून पन्नास-साठ वर्षांच्या वाकळा निघतात. त्या कोणी शिवल्या ते घरातल्यांनाही सांगता येत नाही.

शिक्क्याची किंमत सोलापूरला कोणी समजावून सांगायला नको. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडं विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. मग हातानं शिवलेल्या वाकळेवर एक चिंधीभर नाव का नको?

ज्यांना पट्टी करायची आहे त्यांच्यासाठी लिहिते. तळहाताएवढा पांढरा सुती तुकडा घ्या, आधी धुऊन आटवा. शिवणारीचं नाव, गाव, साल आणि कोणासाठी शिवली, एवढं त्यावर घाला. कापड कोणाचं होतं तेही लिहिलं तर फार छान: ‘आजीचं लुगडं’, ‘बाबांचं धोतर’. पेन्सिलीनं लिहून वरून टाके घातले तर सर्वांत टिकतं. पेन वापरायचं तर कापडावरचं, न पसरणाऱ्या शाईचंच. बॉलपेन दोन धुण्यांत फिसकटतं. जुन्या काळी अमेरिकेत लोह असलेल्या शाईनं गोधड्यांवर सह्या करत, पण जिथं अक्षर होतं तिथंच त्या शाईनं कापड खाल्लं. पट्टी पाठीच्या खालच्या कोपऱ्यात लावा, आणि जमलं तर धावदोरा घालण्याआधीच लावा. म्हणजे टाके तिच्यातून जातील आणि कोणाला ती सहज काढता येणार नाही. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, ज्या लिपीत हात बसला असेल त्या लिपीत लिहा.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात, बचत गटांची प्रदर्शनंही लागतात. त्याआधी आयोजकांनी नियम मराठी, कानडी आणि तेलुगूत एका पानावर छापावेत आणि फॉर्मबरोबरच द्यावेत. आपणही गोधडीचं छायाचित्र छापताना शिवणारीचं नाव मागून घ्यावं, ही विनंती. आमच्या वर्गात रविवारी सकाळी कोणीही गोधडी घेऊन यावं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ, टाके त्यांनी घालावेत. त्याचे पैसे घेणार नाही.

माझं नाव मात्र या पत्राखाली छापू नये. त्यावरून मावशी कोण ते आमच्या पेठेत लगेच ओळखतील, आणि त्यांनी गोष्ट सांगायला परवानगी दिली आहे, ओळख द्यायला नाही.

आपली,
एक शिवणशिक्षिका
बुधवार पेठ, सोलापूर