आधी रसायनाचं प्रमाण कमी करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लॅबमध्ये कुठे काही फुटलं, कुणी भाजलं की सगळी चर्चा गॉगल घातला होता का, शिक्षक कुठे होते, यावरच येऊन थांबते. हे विचारायलाच हवं, पण मुळात एवढं रसायन मुलांच्या हातात दिलंच कशाला हे कुणी विचारत नाही. मी बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवते आणि माझं मत असं की सुरक्षेची सुरुवात प्रयोग लहान करण्यापासून व्हावी, नियमांची पाटी त्यानंतर.

साधं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब दुसऱ्यात सोडून त्याचं प्रमाण काढायचं. ५० मिलीची ब्यूरेट (खाली तोटी असलेली मापाची काचनळी) स्टँडला लावलेली, वर फनेल, मुलगी टाचा उंच करून अ‍ॅसिड ओततेय म्हणजे बाटली तिच्या डोळ्यांच्याही वर. पिपेटला (द्रव ओढून मोजायच्या नळीला) रबरी फुगा लावा म्हणून कितीही ओरडा, वेळ संपत आला की कुणीतरी तोंडानेच ओढतं, आणि तेही कॉस्टिक सोडा! हेच टायट्रेशन १ मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने आणि छोटे खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये होतं. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग तसाच येतो, गणित तेच, आणि तोंड लावायचा प्रश्नच येत नाही.

क्लोरीन वायूचा प्रयोग तर मला असा थेंबांत करायला फारच आवडतो. पेट्री डिशच्या मधोमध ब्लीचचा एक थेंब, भोवती पोटॅशियम आयोडाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडचा एकेक थेंब, बाजूला ओला निळा लिटमस, मग ब्लीचवर डायल्यूट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून लगेच झाकण. आयोडाइड तपकिरी होतं, ब्रोमाइड पिवळसर, लिटमस आधी लाल आणि मग पांढरा पडतो, आणि हे प्रत्येक मूल स्वतःच्या डिशमध्ये बघतं, मागच्या बाकावरून मान उंचावून नाही. थेंब साधारण ०.०५ मिली, त्यामुळे पाच टक्क्यांच्या ब्लीचमधून फार तर एक मिलीच्या आसपास वायू निघतो, तोही झाकणाखाली. झाकण उघडायच्या आधी कडेने सोडियम थायोसल्फेटचे थोडे थेंब सोडले की तोही जिरतो. गॅस जार भरून हाच प्रयोग केला की अख्खी बॅच खोकत बाहेर पडते.

उष्णतेचंही तसंच. मोठ्या बीकरमध्ये रिअ‍ॅक्शनची उष्णता आत कोंडून राहते आणि उकळी फुटते, थेंबाला आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त म्हणून तो पटकन निवतो.

यात नवीन काही नाही. रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ प्रेगल यांना अगदी थोड्या नमुन्यावर सेंद्रिय पदार्थांचं विश्लेषण करण्याच्या पद्धतीसाठी १९२३ मध्ये नोबेल मिळालं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बोडन कॉलेजात ऑरगॅनिक लॅबची हवा खराब होती, तेव्हा फक्त पंखे आणि फ्यूम हूड (वायू बाहेर खेचणारी कपाटं) वाढवत बसण्यापेक्षा तिथल्या मंडळींनी प्रयोगच लहान केले. वर्गात मिथेनॉल पेटवून रंगीत ज्वाला दाखवायचा प्रयोग तर बंद करा असं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्येच सांगितलं, कारण मुलं भाजत होती. क्षाराच्या पाण्यात भिजवलेली लाकडी काडी बर्नरवर धरली की तेच रंग दिसतात.

अडचणी आहेतच. गॉगल सुटत नाही, कॉन्सन्ट्रेटेड अ‍ॅसिडचा एक थेंबसुद्धा डोळ्याला पुरतो. अ‍ॅसिटोन पडलं की पॉलिस्टायरीन प्लास्टिकची ट्रे विरघळते. वजन कमी घेतलं की मोजण्यातल्या चुकीचं प्रमाण वाढतं, ते मुलांना नीट समजावून द्यावं लागतं. आणि पुढे केमिस्ट्री घेणाऱ्याला ब्यूरेट हाताळता आलीच पाहिजे, म्हणून वर्षात एकदोनदा मोठं टायट्रेशन ठेवा, पण ते लहान बॅचमध्ये, शिक्षक शेजारी उभे असताना.

खरी अडचण परीक्षेची आहे. प्रॅक्टिकलला जे विचारतात तेच वर्षभर करून घेतलं जातं, मग शिक्षकाला कितीही वाटलं तरी तो ट्रे काढत नाही. तेव्हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती, निदान वायू निघणारे प्रयोग आणि सॉल्ट अ‍ॅनालिसिस (दिलेला क्षार कोणता ते ओळखणं) यांची थेंबातली पद्धत मॅन्युअलमध्ये छापा आणि परीक्षेत तिला पूर्ण मार्क द्या. सुरुवात या दोन गोष्टींपासून पुढच्याच वर्षी करता येईल.

आपली,
एक केमिस्ट्री शिक्षिका