पूना हॉर्स : पंजा, हुद्दे आणि चौकातले रणगाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर आणि डिसेंबर आले की मराठी वृत्तपत्रांत पूना हॉर्स या भारतीय सैन्याच्या रणगाडा रेजिमेंटवर लेख येतात. यावेतच. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जन्माने मुंबईचे, शिकले पुण्यात. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जन्मले पुण्यात. दोघेही याच रेजिमेंटचे, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र : तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी, खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी लढताना धारातीर्थी पडले. म्हणूनच त्यांच्यावरच्या मजकुरात आणि गावोगावच्या फलकांवर दरवर्षी त्याच चुका दिसतात तेव्हा वाईट वाटते.

पूना हॉर्सला 'पेशव्यांचे घोडदळ' म्हणणे साफ चूक आहे. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावावर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा खर्च लादला गेला आणि त्यातून पूना ऑक्झिलरी हॉर्स उभी राहिली. पैसा पेशव्यांचा, हुकूम कंपनीचा. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला हे स्वार पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढले. आजच्या रेजिमेंटची दुसरी शाखा म्हणजे १८२० ची तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी. १९२१ मध्ये दोन्ही एक झाल्या. शहराचे नाव बदलले तरी रेजिमेंटचे बदललेले नाही, तेव्हा 'पुणे हॉर्स' लिहू नये.

रेजिमेंटच्या निशाणकाठीच्या टोकाला चांदीचा उघडा पंजा आहे. मोहरमच्या मिरवणुकीतले पंजे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आकार लगेच ओळखू येईल. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबच्या लढाईत इराणी फौजेच्या काशकाई पलटणीकडून तो हाती आला. त्यावर हिजरी १०६६ हे साल कोरले आहे, म्हणजे इ.स. १६५५-५६, जिंकला तेव्हाच तो दोनशे वर्षांचा होता. सोबत कुराणातले वचन आहे, 'यदुल्लाहि फौक ऐदीहिम' : अल्लाहचा हात त्यांच्या हातांवर आहे. हे खुशाब इराणात बुशहरजवळ आहे. पाकिस्तानी पंजाबात त्याच नावाचे गाव आहे, त्यामुळे हा मान १९६५ च्या युद्धाला चिकटवण्याची चूक सहज होते. त्या लढाईत इराणी पायदळाची चौकोनी व्यूहरचना फोडली ती तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीने. मूर आणि माल्कमसन हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी तिचेच. तेव्हाच्या पूना हॉर्सच्या नावावर ते टाकू नयेत.

हुद्द्यांचा गोंधळ तर रोजचाच. चिलखती दलात शिपाई नसतो, सवार असतो. नाईकाच्या जागी लान्स दफेदार, हवालदाराच्या जागी दफेदार. त्यावर नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर. 'रणगाड्यावरचे सुभेदार' ही चूक मानवंदनेच्या बातमीत तरी होऊ नये. तसेच कंपनी नव्हे, स्क्वॉड्रन. प्लाटून नव्हे, ट्रूप. ढोबळ हिशेब असा : ट्रूपमध्ये ३ रणगाडे, स्क्वॉड्रनमध्ये १४, अशा तीन स्क्वॉड्रन आणि मुख्यालयाचे ३, मिळून ४५. तेव्हा तारापोर 'शेकडो रणगाडे घेऊन' पाकिस्तानातल्या फिलोऱ्यावर चालून गेले, हे वाक्य कुठून येते कळत नाही. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे ते याहून मोठे आहे : रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि आपले ९ गमावले. त्याला फुगवण्याची गरजच नाही.

जुन्या बिल्ल्यांची छायाचित्रे छापतानाही एक गोष्ट पाहावी. वर ब्रिटिश मुकुट असेल तर बिल्ला प्रजासत्ताकापूर्वीच्या घडणीचा. १९५० नंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुटाचा बिल्ला १९७१ च्या लेखाशेजारी शोभत नाही.

चौकात बसवलेल्या रणगाड्यांखाली तर वाटेल ते नाव रंगवलेले असते. एका गावी टी-५५ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्याखाली ठळक अक्षरांत 'पॅटन' हे अमेरिकी रणगाड्याचे नाव लिहिले आहे. चाके मोजली तरी चूक टळते. टी-५५ ला एका बाजूला पाच मोठी चाके असतात आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात ठळक फट. ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनला सहा, जोडीजोडीने. बाजूचे पत्रे शाबूत असतील तर ती अर्धी झाकलेली असतात, म्हणून वाकून बघावे. पॅटन एम-४८ लाही सहाच, पण त्याचा पुढचा भाग ओतीव आणि गोलसर, तर सेंच्युरियनचा सपाट तिरक्या पत्र्याचा. तारापोर आणि खेत्रपाल दोघेही सेंच्युरियनवर लढले. खेत्रपाल यांचा 'फॅमागुस्ता' नावाचा रणगाडा अहिल्यानगरला चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे, आणि त्याच शहरात रणगाडा संग्रहालय आहे. फलक लिहिणाऱ्या नगरपालिकांनी आणि पुरवण्यांच्या संपादकांनी रंगाऱ्याला किंवा छापखान्याला मजकूर देण्याआधी तो तिथल्या जाणकारांच्या नजरेखालून घालावा. येत्या १६ सप्टेंबरच्या अंकापासून आपल्या वृत्तपत्राने ही सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर