वाटणीची भिंत

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा दर्यापूरला काम होतं, तसाच पुढे तुमच्या गावच्या घरी जाऊन आलो. काकूंची तब्येत बरी आहे. भाकर-ठेचा पुढे आला आणि वाटणीच्या भिंतीतून चुलतभावाकडचं सगळं ऐकू येतं, हा तुझा विषय मला काढावाच लागला नाही. काकूंनी मला विचारलं, "पाऊस कसा आहे तिकडं?" अन् उत्तर पलीकडून तुझ्या भावजयीनं दिलं!

तुला कोणी फोम लावायला सांगितलं, तो घेऊ नकोस. फोम, थर्माकोल, अंड्याचे ट्रे यांनी फार तर खोलीतला घुमारा कमी होतो. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागतं. दोन्हीकडून प्लास्टर केलेली चार इंची विटांची भिंत चाळीसेक डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) अडवते, आणि साधं बोलणं असतं साठच्या आसपास. म्हणजे एवढं स्पष्ट ऐकू यायला नको.

पण तुमची भिंत टिनापर्यंत गेलेलीच नाही! वाटणीच्या रागात घाईघाईनं उभारली, बल्लीपर्यंत, म्हणजे टिनाखालच्या आडव्या लाकडापर्यंत, नेली अन् सोडली. वर वीतभर मोकळं, टिनं दोन्ही घरांवर सलग. भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तरी ती वीस डेसिबलच्या वर अडवू शकत नाही, मग दगडी का असेना. तुमचं तर त्याच्या कितीतरी पट उघडं आहे.

म्हणून आधी वरचं बांधून घे. राखेच्या विटा चालतील, ते हलके ब्लॉक नको. टिन उन्हानं फुगतं, तेव्हा शेवटची फट सिमेंटनं न भरता रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) ठासून लवचीक सीलंटनं, म्हणजे फटी बुजवायच्या रबरासारख्या लुकणानं, बंद करायची. कोपऱ्यात उभी चीरही गेली आहे. आपली खारपाणपट्ट्याची काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलतोच, तिथंही सीलंटच. विजेचे बोर्ड दोन्हीकडून पाठीला पाठ लावून बसवलेत, तिथूनही आवाज येतो, त्यातला आपला हलवू.

मिस्त्री भिंत नऊ इंची करू म्हणतो. वजन दुप्पट करून पाच-सहा डेसिबलचाच फरक पडतो, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला दहा लागतात. मधे पोकळी सोडून दुसरी सुटी भिंत घेतली तर जास्त फायदा, पण तिला वेगळा पाया आला, खोलीही आखूड झाली. मला ती भानगड आत्ता पटत नाही.

राहिली चक्की. तुझ्या चुलतभावानं ती भिंतीला खेटून कोब्यात बोल्टनं आवळली आहे. तिची थरथर जमिनीतून, भिंतीतून येते. वर कितीही बंद केलं तरी ती थांबायची नाही. चक्की हातभर सरकवून खाली जाड रबराचे पॅड घालायला हवेत, आणि ते त्याच्याच घरात करावं लागणार. मी बोललो. ऐकून घेतलं त्यानं, चहाही पाजला. विटांचा अर्धा खर्चही देतो म्हणाला, फक्त "दादानं एकदा फोन तर करावा" एवढंच त्याचं म्हणणं. कर लेका, आधी त्याला कर, मग काकूंना.

पोळ्यापर्यंत काय ते कळव. एकदा कापूस वेचणी लागली की मिस्त्रीच्या हाताखाली माणूस मिळत नाही.

तुझा,
सुधाकर