वर्धा रोडवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

मे महिन्यातील रविवारी भर दुपारी, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या अलीकडे माझ्या लाल सॅन स्टॉर्म गाडीच्या रेडिएटरचा जुना रबरी पाइप फुटला, तेव्हा आपल्या पिण्याच्या पाण्याचा कॅन आमच्या हवाली करणारे ट्रकचालक दादा, गाडी कडुनिंबाच्या सावलीत ढकलत नेणारी कॉलेजची तीन मुले आणि इंजिन थंड होईपर्यंत थांबून, पाइपचा फाटका भाग कापून, क्लिप आवळून देणारे मेकॅनिक काका, या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

गोव्यात तयार झालेली, फायबरच्या बॉडीची, ११४९ सीसीची ही दोन आसनी गाडी आता क्वचितच दिसते. निवृत्तीनंतर मी घराबाहेर पडणेच सोडले होते. ही गाडी आली आणि पहाटे फुटाळा तलावावर जाणे, छप्पर उघडून सौभाग्यवतींना रामटेकला नेणे, सिग्नलवर विचारपूस करणाऱ्यांशी बोलणे, असे सारे पुन्हा सुरू झाले. त्या दुपारी ती थांबली, तेव्हा माझाच धीर सुटला होता.

काका, बॉनेटला हात लावण्यापूर्वी तुम्ही आपले तेलकट हात स्वच्छ फडक्याला पुसलेत, हे मी पाहिले. पैसे तर घेतलेच नाहीत, नाव विचारायचेही राहून गेले. नवा पाइप बसवला आहे.