शेंगा जाळू नका, बालवाडीला द्या

संपादक महोदय,

उन्हाळ्यात गुलमोहराखाली वाळक्या शेंगांचा खच पडतो आणि पालापाचोळ्याबरोबर पेटवला जातो. बालवाड्यांसाठी मात्र प्लास्टिकचे खुळखुळे विकत आणतात! नगरपालिकेने शाळा सुरू होण्याआधी प्रत्येक अंगणवाडीत पोतंभर शेंगा पोचवल्या, तर वर्षभराची वाद्यं फुकटात होतील.

शेंग पूर्ण वाळलेली, हलवल्यावर खुळखुळणारी हवी. हिरवट शेंग वाजत नाही. हातभर लांब शेंग चार वर्षांच्या मुलाला आवरत नाही आणि शेजारच्याच्या डोळ्याला लागते. दीड वितीपर्यंतच्या निवडाव्यात, टोकं काचपेपरने बोथट करावीत. उकलू लागलेली शेंग दोन ठिकाणी सुतळीने आवळावी, नाहीतर बिया सांडून तोंडात जातात. शिरीषाच्या शेंगा कागदासारख्या, हातात चुरतात. त्यांचा पाच-सहांचा झुबका कापडी पट्टीने घोट्याला बांधावा, पावलागणिक वाजतो.

शेंगांच्या जोडीला एकमेकींवर आपटून वाजवायच्या करवंट्या लहान नारळाच्या, मध्यावर फुटलेल्या हव्यात. खोबरं नीट खरवडून उन्हात वाळवाव्यात, कडा दगडावर घासाव्यात. मुलं त्या कडेला धरतात. मग बोटं चेमटतात आणि नादही दबतो. पाठीकडून पंजात धरायला शिकवावं.

खरी गोम लयीत आहे. बाई ताल धरतात आणि मुलांनी त्यावर चालायचं, अशी सर्रास पद्धत. पण मोठ्यांच्या सोयीची लय लहानग्यांना फार संथ पडते. पाय आखूड, एका पायावर तोल टिकत नाही. मूल ताल सोडून पळतं आणि ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा खातं. सुरुवात उलटी करावी: एका मुलाला त्याच्या चालीने चालू द्यावं, बाईंनी त्याच्या पावलांवर करवंटी वाजवावी. हे जमल्यावर हत्तीची संथ चाल, खारीची तुरुतुरु, वाजणं थांबलं की पुतळा. दहा-बारा मुलांपैकी निम्म्यांनी वाजवावं, निम्म्यांनी चालावं. सगळ्यांच्या हाती एकदम वाद्य दिलं, तर थांबायची खूणच ऐकू येत नाही. आठ-दहा मिनिटं पुरे. स्पीकरवरचं गाणं इथे निरुपयोगी, ते मुलासाठी थांबत नाही.

गुंजा, एरंडी आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी असतात. त्या कितीही देखण्या असल्या तरी वर्गात नकोत. पावसाळ्यात शेंगा कापडी पिशवीत टांगून ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

– बालवाडी शिक्षिका, रत्नागिरी