वार्डेल ग्रे ऐकायचा तर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जॅझ वादकांच्या गूढ मृत्यूंवरचा लेख वाचला. वार्डेल ग्रे या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाला त्यात बरीच जागा मिळाली. मे १९५५, लास व्हेगास, नव्यानंच उघडलेलं मूलाँ रूझ हॉटेल, शहराबाहेर वाळवंटात सापडलेला मृतदेह, वय ३४. सगळं खरं. फक्त हा माणूस वाजवायचा कसा, ते लेखात कुठंच नाही. ‘टेनर सॅक्सोफोन’ हे शब्द फोटोखाली आले, तेवढेच.

मिरजेत माझं रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. यंत्र नीट झालं की गिऱ्हाइकाचीच रेकॉर्ड लावून तपासायचं, त्यातून कानाला नाही नाही ते नाद लागले. म्हणून फक्त रेकॉर्डांबद्दलच लिहितो.

ग्रेची पंचाईत अशी की त्याचं बरंचसं उत्तम काम दुसऱ्यांच्या खात्यावर जमा आहे. मोबाइलवर त्याचं नाव टाकून शोधणाऱ्याला निम्मासुद्धा ग्रे भेटत नाही. १९४७ च्या फेब्रुवारीत आल्टो सॅक्सोफोनचा बादशहा चार्ली पार्कर इस्पितळातून सुटून आल्यावर त्यानं डायल कंपनीसाठी ‘रिलॅक्सिन अ‍ॅट कॅमॅरिलो’ वाजवलं, त्यात टेनरवर ग्रे आहे. पार्करशेजारी उभं राहिलं की भल्याभल्यांची बोटं घाईला येत. ग्रे जागचा हलत नाही. सूर आधीच्या पिढीतल्या टेनरवाल्या लेस्टर यंगकडून आलेला, हलका आणि मोकळा. वाक्यं मात्र बीबॉप या तेव्हाच्या नव्या, वेगवान जॅझची, लांब आणि वळणावळणाची. रेकॉर्ड पार्करच्या नावावर. १९५१ मधलं ‘लिटल पोनी’ घ्या. नील हेफ्टीची रचना, काउंट बेसीचा वाद्यवृंद, आणि जेमतेम अडीच मिनिटांत टेनर असा धावतो की मागचा अख्खा ताफा त्याच्यासाठीच बसवलाय असं वाटावं. नाव अर्थातच बेसीचं. बेनी गुडमनबरोबरचं १९४८ चं ‘स्टीलिन अ‍ॅपल्स’, तिथंही तेच. अखेरच्या वर्षी तो वाजला तोही फ्रँक मॉर्गन या तरुण आल्टोवाल्याच्या रेकॉर्डवर.

आपल्याकडं याचं कुणाला नवल वाटू नये. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर गवयाचं नाव ठसठशीत आणि सारंगी-तबलेवाल्याचं बहुधा नाहीच. पण आपले साथीदार निदान मागं बसलेले असत. ग्रे पुढं उभा राहून वाजवत होता.

आता ‘द चेस’. १२ जून १९४७, पुन्हा डायल, समोर डेक्स्टर गॉर्डन, तोही टेनरच. दोन टेनरवाल्यांचा हा सवाल-जवाब ७८ च्या एका बाजूवर मावणारा नव्हता. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, म्हणून पहिला भाग इकडं, दुसरा तिकडं, आणि ऐन रंगात रेकॉर्ड उलटायची. आधी दोघं पूर्ण आवर्तन घेतात, मग अर्धं, मग आठ मात्रागट (एका गटात चार मात्रा), मग चार. जागा आक्रसत जाते तसं एकमेकांच्या तोंडचं वाक्य उचलणं सुरू होतं. गॉर्डनचा सूर जाड, थोडा मागं रेलून येणारा; ग्रेचा सडसडीत. दोनदा ऐकलंत तर कोण कुठला हे आपोआप कळू लागतं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना मला तरी ग्रेच्याच पाळीची वाट पाहावीशी वाटते. पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर एल्क्स सभागृहात दोघांची जुंपली ती ‘द हंट’ म्हणून निघाली, तुकडे करून अनेक बाजूंवर. ती रासवट आहे, प्रेक्षकांची ओरड फार. काहींना तीच जास्त आवडते. माझा कौल ‘चेस’ला.

स्वतःच्या नावावर म्हणाल तर नोव्हेंबर १९४९ मधलं न्यूयॉर्कचं सेशन चुकवू नका. पियानोवर अल हेग, बासवर टॉमी पॉटर, ड्रमवर रॉय हेन्स. त्यातलं ‘ट्विस्टेड’ म्हणजे साधा बारा मात्रागटांचा ब्लूज, पण ग्रेचा सोलो इतका बोलका की १९५२ मध्ये गायिका अ‍ॅनी रॉसनं त्याच्या सुरासुराला शब्द लावले आणि मनोविकारतज्ज्ञाकडं जाणाऱ्या एका बाईचं गाणं तयार झालं. १९७४ मध्ये गायिका जोनी मिचेलनं ते आपल्या अल्बमवर घेतलं. म्हणजे जगभरच्या असंख्य लोकांनी वार्डेल ग्रेचा सोलो तोंडपाठ केलाय, ग्रे कोण याचा पत्ता नसताना. हे मला त्या वाळवंटातल्या प्रकरणापेक्षा जास्त गूढ वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच. पुरवणीत एखाद्या रेकॉर्डचा उल्लेख कराल तेव्हा मुख्य नावाखाली बाकीच्या वादकांची नावं आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष छापा. बारीक टायपात एक ओळ पुरते. मोबाइलवरच्या यादीत हे बऱ्याचदा सापडतच नाही, आणि दुकानं तर गेलीच. ‘ट्विस्टेड’चे त्या सेशनमधले एकाहून जास्त टेक, म्हणजे एकाच धुनेची वेगवेगळी मुद्रणं, प्रेस्टिज कंपनीच्या ‘वार्डेल ग्रे मेमोरियल’मध्ये आहेत. वाचकांनी ते एकापाठोपाठ एक लावून पाहावेत. धुन तीच, आणि सोलो प्रत्येक वेळी नवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज