विहीणबाई आणि साबुदाण्याची निवळी

प्रिय शालन,

तब्येत बरी, गुडघे तसेच. पुण्याहून लिहितेय. फोनवर बोलायची सोय नाही, पलीकडच्या खोलीत विहीणबाई आहेत आणि त्यांचे कान तुला माहीत आहेत.

नातवाला जुलाब लागलेत. अकरावा महिना, नुकता वरणभात मिटक्या मारत खायला लागलेला. मी पोचले तर पोर साबुदाण्याच्या निवळीवर! "पोटाला आराम नको का?" म्हणे. दूध बाधलं असेल म्हणून अंगावरचंही तोडत आणलेलं. जुलाबातही पोराचं दूध-खाणं तोडू नका, असं आपण दोघी वाड्यावस्त्यांवर घसा फोडून सांगत हिंडलो, ते माझ्याच घरात कुणाच्या कानी नाही. हस, हस तू.

पोर मलूल होतं, पण डोळे खोल गेले नव्हते, लघवी होत होती, शीमध्ये रक्त नव्हतं. म्हणून आरडाओरडा न करता आधी सुनेच्या मांडीवर दिलं. कसं अधाशासारखं लुचलं गं! मग पाणी उकळून निववलं आणि लिटर मोजून त्यात ओआरएसची अख्खी पुडी घातली. (तू तांब्यात ओतायचीस. "तांब्या म्हणजे लिटरच" म्हणून अंगणवाडीच्या मुख्यसेविकाबाईंसमोर माझ्याशी भांडलीस, आणि मोजला तर पाऊण निघाला. हे मी मरेपर्यंत काढणार.) चमच्या-चमच्यानं पाजलं. एकदा ओकलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा दिलं. "बघा, पचत नाही!" विहीणबाई हजर.

त्यांना बंगालातल्या बनगावची हकिगत सांगितली. 1971, निर्वासितांच्या छावणीत पटकी (कॉलरा गं), सलाईन संपत आलेलं, आणि डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, साखर, खायच्या सोड्याचं पाणी पाजून माणसं जगवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "बंगाल्यांची पोटं वेगळी."

दुपारी मुगाची मऊ खिचडी, वर तेलाची धार, नंतर कुस्करलेलं केळं. अर्धी वाटी गेली. लगेच शी झाली आणि सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं! अगं, खाल्ल्यानं जुलाब लांबत नाहीत, उपाशी ठेवलं तर आतडं भरून यायला वेळ लागतो आणि वजन तेवढं उतरतं, हे कुणाला सांगू? झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चमच्यात विरघळवून देतेय. 14 दिवस द्यायची, पण शी घट्ट झाली की ही मंडळी बंद करणार. पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं, ते तर विसराच. मी रविवारी निघतेय. सून ऐकते, पण आईपुढे तोंड उघडत नाही. आणि आमचे चिरंजीव मलाच विचारतात, "आई, नक्की ना?" ज्याला हगवणीत तू पेज भरवून उभा केलास, तोच हा!

म्हणून सोमवारी तू सुनेला फोन कर. परक्या माणसाचं पटतं. विहीणबाईंनी उचलला तर तांब्याचं काही बोलू नकोस.

मोतीबिंदूचं झालं का? धाकटीचं जमलं म्हणे, मुलगा कुठला ते कळव.

तुझी,
कुसुम